‘बेअर’ या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ आणि मूळ : एक शब्द मुळापर्यंत कसा न्यावा

खिशातली शंभराची नोट काढून तिच्यावरचा इंग्रजी मजकूर एकदा सावकाश वाचावा. ‘आय प्रॉमिस टु पे द बेअरर’ अशी सुरुवात करून रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर शंभर रुपये देण्याचे वचन देतात आणि हिंदी मजकुरात त्याच ‘बेअरर’च्या जागी ‘धारक’ हा शब्द येतो. धनादेशावर नावाच्या ओळीच्या शेवटी तोच शब्द पुन्हा भेटतो. तो खोडला की रक्कम कोणाही धारकाला न मिळता ज्याचे नाव लिहिले आहे त्याच्याच आदेशानुसार द्यावी लागते. गॅरेजमधला मिस्त्री चाक हाताने फिरवून ‘बेरिंग गेली’ असे सांगतो, आणि जुने घर दाखवणारा दलाल ‘बिल्डिंग लोड बेअरिंगची आहे, आरसीसी नाही’ असे बजावतो. हे सगळे शब्द ‘बेअर’ या एकाच इंग्रजी क्रियापदातून निघालेले आहेत, आणि तरीही शाळेत ते शिकताना बहुतेकांच्या वाट्याला ‘सहन करणे, जन्म देणे, वाहून नेणे’ अशी एकमेकांशी संबंध नसलेल्या अर्थांची यादी येते, जी परीक्षेपुरती पाठ होते आणि नंतर विसरली जाते.

यादी पाठ न करता हे क्रियापद मुळापासून कसे समजून घ्यावे, याची रीत पुढे पायरीपायरीने मांडली आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की ‘बेअर’च्या पोटात ओझे घेतलेल्या माणसाचे एकच चित्र आहे, इंग्रजीने त्या चित्राची सगळी कामे एका क्रियापदाकडे ठेवली, तर मराठीने ती वाहणे, पेलणे, सोसणे आणि धरणे अशा चौघांत वाटून दिली. ही वाटणी एकदा ध्यानात आली की अर्थ आठवावे लागत नाहीत, ते चित्रातून दिसतात.

पहिली पायरी : सोंगे घेतलेले शब्द बाजूला काढणे

देवनागरीत लिहिताना आपली एक अडचण होते आणि एक सोयही होते. बी-ई-ए-आर असे लिहिले जाणारे क्रियापद, तसेच लिहिले जाणारे अस्वलाचे नाव आणि बी-ए-आर-ई असे लिहिले जाणारे ‘उघडा’ या अर्थाचे विशेषण ही तिन्ही देवनागरीत ‘बेअर’च होतात. अडचण अशी की नुसते लिहून फरक कळत नाही. सोय अशी की इंग्रजी माणसाच्या कानाला ती तिन्ही जशी ऐकू येतात तशीच ती आपल्या डोळ्यांना दिसतात. ‘जरा धीर धरा’ या अर्थी ‘बेअर विथ मी’ लिहिताना जन्माने इंग्रजी बोलणारे लोकही पुष्कळदा ‘उघडा’वाले स्पेलिंग घालतात, आणि मग त्या विनंतीचा अर्थ ‘माझ्याबरोबर कपडे उतरवा’ असा काहीसा होऊन बसतो.

अस्वलाचा या क्रियापदाशी काही संबंध नाही. क्रियापद जुन्या इंग्रजीत ‘बेरान’ होते आणि अस्वल ‘बेरा’ होते, म्हणजे दोघे हजार वर्षांपूर्वीही शेजारी होते, पण नातलग नव्हते. संस्कृतातला ‘ऋक्ष’, ग्रीकमधला ‘आर्क्टोस’ आणि लॅटिनमधला ‘उर्सुस’ हे अस्वलाच्या एकाच प्राचीन नावाचे वंशज आहेत. इंग्रजी आणि जर्मन ज्या शाखेतल्या आहेत त्या शाखेत मात्र ते नाव लोपले आणि त्याच्या जागी दुसरेच आले. ज्याचे नाव घेतले की ते हजर होते, अशा प्राण्याचे खरे नाव टाळण्याची ही चाल असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि रात्रीच्या वेळी सापाला ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणणाऱ्या आपल्या आजीला हे मत समजावून सांगावे लागणार नाही. शेअर बाजारातले ‘बेअर मार्केट’ या अस्वलाचे आहे, क्रियापदाचे नाही. अस्वल मारण्याआधीच त्याचे कातडे विकणाऱ्याच्या म्हणीवरून मंदीवाल्यांना ते नाव पडले.

आणखी एक फसवा शब्द आहे. ‘फॉरबेअर’ म्हणजे स्वतःला आवरणे हा खरोखर या क्रियापदाचा वंशज आहे, परंतु मध्ये एक ‘ई’ जास्त घालून लिहिला जाणारा, ‘पूर्वज’ या अर्थाचा ‘फोरबेअर’ हा तसा नाही. त्यातले शेवटचे अक्षरगट ‘बी’ म्हणजे ‘असणे’ या क्रियापदाचे आहेत : जो आपल्या आधी होता तो.

दुसरी पायरी : रूपे पक्की करणे

वर्तमानकाळी ‘बेअर’, भूतकाळी ‘बोअर’, आणि तिसरे रूप ‘बॉर्न’, जे दोन प्रकारे लिहिले जाते. भूतकाळातला ‘बोअर’ आपल्याकडच्या बोअरवेलचा नव्हे. जमिनीत भोक पाडणारा ‘बोअर’ हा जुन्या इंग्रजीतल्या ‘बोरियान’, म्हणजे छिद्र पाडणे, या वेगळ्या क्रियापदातून आला आहे, आणि कंटाळा आणणाऱ्या ‘बोअर’चाही ओझ्याशी संबंध नाही, जरी अनुभव तसा येत असला तरी. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात या क्रियापदाचा भूतकाळ ‘बोअर’ नसून चक्क ‘उघडा’वाल्या स्पेलिंगचा ‘बेअर’ आहे, आणि जुने धार्मिक इंग्रजी वाचताना ‘तिने काइनाला जन्म दिला’ या वाक्यात हे रूप पाहून अनेक जण गोंधळतात.

खरी कसोटी ‘बॉर्न’ची आहे. शेवटी ‘ई’ नसलेला ‘बॉर्न’ हा केवळ जन्माला येण्यासाठी आणि तोही कर्मणी रचनेत वापरायचा : अमुक १९५० साली जन्मला. बाकी सगळीकडे, म्हणजे ओझे वाहिले, खर्च सोसला, फळ धरले, आणि ‘तिने तीन मुलांना जन्म दिला’ अशी कर्तरी रचना असली तरीसुद्धा, शेवटी ‘ई’ असलेलेच रूप येते. मागे ‘बाय’ म्हणजे ‘कडून’ आले की डोळे मिटून ‘ई’ लावावा. हा भेद फार जुना नाही. दोन्ही रूपे एकाच शब्दाची असून त्यांचे काम आजच्यासारखे वाटले गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात.

या एका ‘ई’ने मला एकदा चांगलेच खाली पाहायला लावले होते. आरोग्यविषयक एका पत्रकाचे भाषांतर करताना मी ‘वॉटरबॉर्न’ रोगांना ‘पाण्यात जन्मणारे’ असे लिहून मोकळा झालो, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी समासात विचारले की कावीळ पाण्यात जन्मते की पाण्यातून येते. इंग्रजी शब्दात शेवटी ‘ई’ आहे. पाणी हे त्या रोगाचे वाहन आहे, जन्मस्थान नव्हे. गंमत अशी की डॉक्टरांनी सुचवलेला आणि पावसाळ्यात प्रत्येक नगरपालिकेच्या फलकावर दिसणारा ‘जलजन्य’ हा मराठी शब्द शब्दशः जन्माचाच आहे, आणि ‘कीटकजन्य’ही तसाच. इंग्रजीने डासाला हमाल केले, मराठीने त्याला जन्मदाता केले. रूढ शब्द रूढच राहू द्यावा, परंतु भाषांतर करणाऱ्याला ही अदलाबदल माहीत असलेली बरी, कारण वाक्यात पुढे ‘वाहक’ हा शब्द आला की चित्र पुन्हा इंग्रजीच्या बाजूला झुकते.

तिसरी पायरी : एक चित्र धरून सगळ्या अर्थांतून फिरणे

डोक्यावर भारा घेतलेला माणूस डोळ्यांसमोर आणावा. तो भारा घेऊन चालतो आहे, तेव्हा तो ‘वाहतो’. हा या क्रियापदाचा सगळ्यांत ठळक अर्थ, आणि आजच्या बोलण्यातून तो जवळजवळ गेला आहे, कारण रोजच्या सामानासाठी इंग्रजी माणूस ‘कॅरी’ म्हणतो. तो उरला आहे तो जोडशब्दांत आणि भारदस्त प्रसंगांत : ध्वज वाहणारा, मशाल वाहणारा, शवपेटीला खांदा देणारा. भारतात आलेल्या इंग्रजांनी पालखीच्या भोयांना ‘बेअरर’ म्हटले, पुढे बंगालकडे घरातल्या नोकराला ते नाव मिळाले, आणि तिथून ते क्लबात आणि हॉटेलात वाढप्याला चिकटले. हिंदीतला ‘बैरा’ तोच. पालखी गेली, हातात ट्रे आला, पण वाहणे सुटले नाही.

आता तोच माणूस चालायचा थांबला आहे आणि भारा डोक्यावर तसाच आहे. हे ‘पेलणे’. खांब छत पेलतो, भिंत मजला पेलते, बर्फाचा थर माणसाचे वजन पेलतो की नाही याची काळजी करावी लागते. ‘लोड बेअरिंग’ बांधकामात खांबांचा सांगाडा नसतो, भिंतीच वरचा सगळा भार जमिनीपर्यंत नेतात, आणि म्हणून अशा घरात स्वयंपाकघर मोठे करण्यासाठी मधली भिंत पाडायची कल्पना काढणाऱ्याला अभियंता आधी हात जोडतो. चाकातली ‘बेरिंग’ हेच काम फिरत फिरत करते : आसाचा भार पेलायचा आणि त्याला फिरूही द्यायचे. दुचाकीचे चाक वर उचलून हाताने फिरवले असता खरखर ऐकू आली, तर आतल्या गोळ्या किंवा त्यांची वाट झिजली असे मिस्त्री समजतो. त्या खरखरीच्या मागे हे क्रियापद उभे आहे हे त्याला ठाऊक असण्याची गरज नसते, आपल्याला असावे.

भारा डोक्यावर बराच वेळ राहिला की मान दुखू लागते, आणि इथे ‘सोसणे’ सुरू होते. दुःख, अपमान, उकाडा, शेजाऱ्याचा आवाज हे सगळे या अर्थाखाली येते. मराठीतही हीच उडी आहे, कारण आपण खर्चही सोसतो आणि कळाही सोसतो. इंग्रजीतही खर्च आणि कळा या दोघांना हेच क्रियापद चालते. हल्ल्याचा पहिला तडाखा कोणी खाल्ला हे सांगतानाही इंग्रजी हेच म्हणते, तिथे मराठीत ‘झेलणे’ अधिक शोभते.

जन्म देण्याचा अर्थ यातूनच समजतो. नऊ महिने पोटात वाहिलेले ओझे शेवटी जगात आणणे, अशी ही कल्पना आहे. झाडाच्या बाबतीत इंग्रजी तेच क्रियापद वापरते, पण मराठी इथे वाट बदलते आणि ‘धरणे’कडे जाते : झाडाने फळ धरले, आंब्याने मोहर धरला. धरण्याचे हे खाते फार मोठे आहे. मनात राग किंवा डूख धरणे, गोष्ट ध्यानात धरणे, एखादे नाव धारण करणे, शस्त्र धारण करणे या सगळ्यांना इंग्रजीत हे एकच क्रियापद पुरते; अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली आलेल्या दुसऱ्या दुरुस्तीतला शस्त्रांचा प्रसिद्ध हक्क याच क्रियापदाने सांगितलेला आहे. नोटेवरचा ‘धारक’ही याच खात्यातला आहे, आणि अनुवाद करणाऱ्याने तिथे ‘वाहक’ लिहिले नाही याबद्दल त्याचे कौतुक करावे, नाहीतर आपण सगळे शंभराच्या नोटेचे हमाल ठरलो असतो.

पत्रावर तारीख असणे, दस्तावर सही असणे, दोन चेहऱ्यांत साम्य असणे, ठेवीवर व्याज मिळणे, यांसाठीही इंग्रजी कागदोपत्री हेच क्रियापद येते, पण मराठीत त्यासाठी वेगळे क्रियापद शोधत बसू नये. ‘असणे’ आणि ‘मिळणे’ पुरेसे आहेत. ‘खोटी साक्ष देऊ नको’ या आज्ञेत इंग्रजीत साक्ष ‘वाहिली’ जाते आणि मराठीत ती ‘दिली’ जाते, यावरही अडून बसण्यासारखे काही नाही.

एक अर्थ चित्राच्या बाहेर गेल्यासारखा वाटतो, तो दिशेचा. रस्ता विचारल्यावर ‘बेअर लेफ्ट’ असे उत्तर आले तर काटकोनात वळायचे नसते. वाट फुटते तिथे डाव्या अंगाला झुकत जायचे असते. भार ज्या बाजूला जास्त पडतो त्या बाजूला माणूसही झुकतो आणि होडीही, एवढे लक्षात ठेवले तर हा अर्थ पुन्हा चित्रात येतो. खलाशी आणि मोजणीदार ज्याला ‘बेअरिंग’ म्हणतात तो दिशाकोन इथलाच, आणि ‘बेअरिंग्ज हरवणे’ म्हणजे आपण कुठे आहोत आणि कुणीकडे तोंड आहे याचे भान सुटणे.

चौथी पायरी : नकार आणि मागे लागणारे छोटे शब्द

सोसण्याचा अर्थ रोजच्या इंग्रजीत बहुधा नकारानेच येतो. ‘आय कॅन्ट बेअर इट’ हे शंभरदा ऐकू येईल. त्याचे होकारार्थी रूप तितके सहज कोणी म्हणत नाही. मराठीतही ‘बघवत नाही’, ‘ऐकवत नाही’, ‘सोसवत नाही’ ही रूपे नकारातच नांदतात, म्हणून भाषांतरात ‘मी ते सहन करू शकत नाही’ असे लाकडी वाक्य लिहिण्याऐवजी ‘मला ते बघवत नाही’ असे लिहावे.

मागे लागणाऱ्या शब्दांपैकी चार जरी नीट कळले तरी बरेच काम भागते. ‘विथ’ लागला तर दुसऱ्याला सांभाळून घेणे, कळ काढणे. ‘आउट’ लागला तर एखाद्या म्हणण्याला पुरावा मिळणे; आकडे त्याचे म्हणणे खरे ठरवतात, असे. ‘अप’ लागला तर संकटात न खचणे. ‘डाउन’ लागला तर वरून दाबणे किंवा अंगावर चालून येणे. चौघांतही भारा आहेच : कोणाचा तरी आपण घेतलेला, कोणाला तरी आपण दिलेला आधार, पाठ ताठ ठेवून उचललेला, आणि शेवटी दुसऱ्यावर टाकलेला.

पाचवी पायरी : मागे मागे जाणे

आता मुळाकडे. सोसण्याचा आणि जन्माचा अर्थ इंग्रजीत नंतर कधीतरी वाढला असेल, असे वर दिलेल्या क्रमावरून वाटण्याचा संभव आहे, आणि ते चुकीचे ठरेल. जुन्या इंग्रजीतल्या ‘बेरान’मध्ये वाहणे, पेलणे, सोसणे, अंगावर धारण करणे आणि जन्म देणे हे सगळे अर्थ आधीच होते. त्याच्या मागे गेल्यास इंग्रजी-जर्मनच्याच शाखेतल्या, आता लोपलेल्या गॉथिक भाषेत ‘बैरान’ सापडते, आणि त्याही मागे या भाषांची ज्या आदिभाषेपर्यंत वंशावळ जाते तिच्यात अभ्यासकांनी ‘भेर’ असा धातू पुनर्रचित केला आहे. त्याचे लिहिलेले उदाहरण कोठेही नाही. वंशजांची तुलना करून तो मांडलेला आहे.

मराठी वाचकाला या वंशावळीचा एक वंशज घरातच सापडतो : संस्कृतातला ‘भृ’ धातू, ज्याची ‘भरति’ आणि ‘बिभर्ति’ ही रूपे आहेत. ‘मी वाहतो’ याला संस्कृतात ‘भरामि’, ग्रीकमध्ये ‘फेरो’, लॅटिनमध्ये ‘फेरो’ आणि गॉथिकमध्ये ‘बैरा’. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांतील साम्य योगायोगाचे असू शकत नाही असे म्हटले, ते अशा जुळणाऱ्या धातूंमुळे आणि रूपांमुळे. भाषांमधल्या नात्याची नियमबद्ध मांडणी पुढे रास्मुस रास्क यांनी १८१८ मध्ये आणि याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये केली.

नियम हा या पायरीचा कणा आहे, कारण केवळ ‘सारखे वाटते’ म्हणून नाते जोडणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. ‘भरति’ आणि ‘बेअर’ नातलग ठरतात ते ऐकायला जवळचे वाटतात म्हणून नव्हे, तर संस्कृतातल्या आरंभीच्या ‘भ’च्या जागी इंग्रजीत ‘ब’, आणि ग्रीक व लॅटिनमध्ये ‘फ’ हा बदल इतर शब्दांतही तसाच दिसतो म्हणून. भ्राता, ब्रदर आणि लॅटिन फ्राटेर. भ्रू आणि इंग्रजीतली ब्राउ म्हणजे भुवई. भू धातू आणि इंग्रजीतला ‘बी’. एखादे नाते सुचले की त्या शब्दातला एकेक ध्वनी घ्यावा आणि तोच बदल दाखवणाऱ्या निदान दोन-तीन जोड्या शोधाव्यात; जोड्या मिळाल्या नाहीत तर कितीही मोह झाला तरी ते नाते सोडून द्यावे.

अर्थांचीही साक्ष काढता येते. संस्कृतात ‘भृ’ वाहण्यासाठी आहे, पोसण्यासाठी आहे, अंगावर धारण करण्यासाठी आहे, आणि ‘गर्भ’ या कर्माबरोबर आला की गर्भ धारण करण्यासाठीही आहे. म्हणजे वाहणे आणि प्रसवणे यांची सांगड इंग्लंडमध्ये पडलेली नाही.

सहावी पायरी : इंग्रजीतच दडलेले लॅटिन, ग्रीक आणि आपल्याकडचे फारसी आप्त

इंग्रजीतच या धातूची घरची मुले आहेत : ‘बर्डन’ म्हणजे ओझे, ‘बीअर’ म्हणजे तिरडी, ‘बॅरो’ म्हणजे ढकलगाडी, आणि नॉर्स भाषेच्या वाटेने आलेला ‘बर्थ’ म्हणजे जन्म. शिवाय लॅटिनच्या ‘फेर्रे’ने इंग्रजीला मोठा हुंडा दिला. ट्रान्सफर म्हणजे पलीकडे नेणे, ऑफर म्हणजे समोर आणणे, डिफर म्हणजे वेगवेगळीकडे नेणे, आणि सफर म्हणजे खाली राहून वाहणे; सोसणाऱ्याचे तेच जुने चित्र, फक्त भारा घेतलेला माणूस आता पार वाकला आहे. कोनिफर म्हणजे शंकू धरणारे झाड. ॲक्विफर म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, ज्याला आपल्या भूजलवाल्यांच्या मराठीत ‘जलधर’ म्हणतात आणि हिंदीत ‘जलभृत’. हिंदी शब्द करणाऱ्याने इंग्रजी शब्दातल्या ‘फेर’च्या जागी त्याचाच सख्खा भाऊ ‘भृ’ बसवला आहे.

लॅटिनच्या या क्रियापदाचे तिसरे रूप दुसऱ्याच धातूतून उसने घेतलेले ‘लातुस’ आहे. त्यामुळे ट्रान्सफर आणि ट्रान्सलेट, तसेच रिफर आणि रिलेट, हे एकाच लॅटिन क्रियापदाचे दोन चेहरे आहेत, जरी ‘फर’ आणि ‘लेट’ यांत एकही ध्वनी जुळत नसला तरी. ‘लातुस’चा धातू उचलण्याचा, आणि त्याचा संस्कृत नातलग ‘तुला’. तोलणे आणि घराच्या माळवदाचा भार पेलणारी तुळई ही त्याच बाजूची.

ग्रीक ‘फेरेइन’मधून मेटाफर म्हणजे पलीकडे नेणे, आणि हा लॅटिन ट्रान्सफरचा जणू जुळा आहे. आजच्या ग्रीसमध्ये घरसामान हलवणाऱ्या ट्रकवर ‘मेताफोरेस’ असे लिहिलेले असते, तेव्हा तिथे रूपके वाहून नेली जातात असे पाहुण्यांना वाटते. फॉस्फरस म्हणजे प्रकाश वाहणारा. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांट यांना मिळालेल्या, अंधारात चमकणाऱ्या पदार्थाला ते नाव शोभले, आणि आपण खताच्या गोणीवर ज्याला ‘स्फुरद’ म्हणतो तो तोच. लॅटिनमध्ये ‘प्रकाश वाहणारा’ म्हणायचे तर ल्युसिफर.

फारसीत ‘वाहणे’ म्हणजे ‘बुर्दन’, आणि इराणी भाषांत ‘भ’चा ‘ब’ होतो. पैगाम वाहणारा तो पैगंबर. आणि गाण्यांतून भेटणारा दिलबर हा हृदय घेऊन जाणारा, म्हणजे थोडक्यात चोर. मार्केट यार्डात रिकाम्या पोत्यांना ज्या नावाने ओळखतात त्या ‘बारदाना’तला ‘बार’ हा फारसी भार आहे. मात्र ‘बरदार’ला या घरात घेऊ नये. अर्थ ‘वाहणारा’ असाच असला तरी तो ‘बर’ म्हणजे वर, आणि ‘दार’ म्हणजे धरणारा, अशा दोन वेगळ्या तुकड्यांचा आहे. पैगंबरातला ‘बर’ आणि बरदारातला ‘बर’ वेगळे निघावेत, हा अभ्यासकाच्या संयमाची परीक्षा पाहणारा प्रकार आहे.

सातवी पायरी : मराठीतले भाऊबंद आणि त्यांचा मोह

‘भृ’ची मराठी संतती मोजू लागले तर दिवस जाईल. भार, भारा, हातभार, पदभार, भारनियमन. कामाचा भार तो कारभार. उपकाराचे ओझे मानणे म्हणजे आभार मानणे. ज्याला पोसायचे तो भृत्य, जिला पोसायचे ती भार्या आणि पोसणारा भर्ता, असा जुन्या कुटुंबव्यवस्थेचा सगळा हिशेबही यातच आहे. कोल्हापूरच्या माणसाने एखाद्या गोष्टीला ‘भारी’ म्हणून दाद दिली तर ती दादही वजनाचीच.

परंतु नाते म्हणजे अर्थ नव्हे. ‘भरति’चा सरळ वंशज ‘भरणे’ हा मराठीत येईपर्यंत वाहणे सोडून पूर्ण करण्याकडे वळला : पोट भरणे, घागर भरणे, दिवस भरणे. गरोदर बाईचे ‘दिवस भरले’ या प्रयोगात इंग्रजी क्रियापदातला जन्म दिसू लागतो, पण तिथे मोजणी पूर्ण होण्याचा अर्थ आहे, भार वाहण्याचा नाही. उलट मराठीत ‘बेअर’चे पहिले काम करणारा ‘वाहणे’ हा ‘वह्’ धातूचा आहे, आणि त्याचे इंग्रजी नातलग वॅगन, ‘वे’ म्हणजे वाट आणि वेगळ्या स्पेलिंगचा ‘वे’ म्हणजे वजन करणे हे आहेत. भाऊ एकाच्या घरी आणि काम दुसऱ्याच्या घरी, अशी ही स्थिती आहे. म्हणून मूळ शोधताना ‘भ’च्या मागे जावे आणि भाषांतर करताना त्याला विसरावे.

आठवी पायरी : कोश आणि वही

कोश उघडण्यापूर्वी त्याचा क्रम ओळखावा. विद्यार्थ्यांसाठीचे इंग्रजी कोश जास्त वापरला जाणारा अर्थ आधी देतात, म्हणून त्यांत ‘सोसणे’ वर आणि ‘वाहणे’ खाली मिळण्याचा संभव आहे. ऑक्सफर्डचा मोठा ऐतिहासिक कोश अर्थांची मांडणी इतिहासाच्या क्रमाने करतो. दोन्ही एकदम पाहिल्यास आज काय चालते आणि कशातून काय निघाले हे शेजारीशेजारी दिसते. मराठी बाजूसाठी मोल्सवर्थ यांच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तुलनात्मक कोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. टर्नर यांच्याकडे ‘भरति’खाली मराठी ‘भरणे’ शोधावे आणि मोल्सवर्थ यांच्याकडे ‘भार’ उघडून त्या शब्दाचे किती संसार आहेत ते पाहावे.

वहीत एका क्रियापदाला एक पूर्ण पान द्यावे. मध्यभागी चित्र, भोवती अर्थ, प्रत्येक अर्थापुढे मराठीतले सहज क्रियापद आणि स्वतः वाचलेले एक वाक्य. कोशातले उदाहरण उतरवून घेऊ नये, कारण ते कोणाच्याच आयुष्यातले नसते. माझ्या पानावर पहिले वाक्य घर भाड्याने घेतानाच्या करारातले आहे : दुरुस्तीचा खर्च, सोसायटीचे शुल्क आणि विजेचे बिल ‘शॅल बी बॉर्न बाय द लायसेन्सी’, शेवटी ‘ई’सकट. मराठीत उतरवताना हे एक क्रियापद पुन्हा फुटते. दुरुस्तीचा खर्च लायसेन्सीने, म्हणजे घर भाड्याने घेणाऱ्याने, सोसावा किंवा करावा. शुल्क त्याने द्यावे. आणि विजेचे बिल त्याने भरावे, तिथे दुसरे कोणतेही क्रियापद मराठी कानाला पटत नाही. ‘पूर्ण करणे’ या स्वतःच्याच वाटेने गेलेला ‘भरणे’ इथे आपल्या इंग्रजी भावाच्या नेमक्या जागेवर येऊन उभा राहतो.